डिझाइनबाहेरचं वजन

माणसाच्या जिवाचं मोल करता येत नाही, असं आमच्या संस्थेचे संचालक प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला सांगत. सांगताना चष्मा काढत आणि सभागृहाच्या मागच्या भिंतीकडे बघत. संस्थेत मात्र ते मोल केलेलं होतं आणि आम्हा सगळ्यांना पाठ होतं. ते दीड होतं.

आमची संस्था बेंगळुरूतल्या इतर अनेक सरकारी संस्थांसारखीच होती. मोठं आवार, गुलमोहर, फाटकावर पिस्तूलधारी पहारेकरी आणि आत विमानांच्या सांगाड्यांवर काम करणारे आम्ही. विमानाच्या पंखावर उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार येईल, त्याच्या दीडपट भारापर्यंत पंख मोडता कामा नये, असा नियम. याला सुरक्षा गुणक म्हणतात. पूल बांधणारे, लिफ्टचे दोर वळणारे याहून कितीतरी जास्त धरतात. विमानाला ती चैन करता येत नाही, कारण सगळं जाडजूड केलं तर ते धावपट्टी सोडत नाही. म्हणून दीड. पण त्या दीडाच्या मागे मोठी शिस्त असते. भार किती येणार ते आधी नीट शोधलेलं असतं. एक अख्खा पंख जमिनीवर बांधून, वाकवून, शेवटी मोडून पाहिलेला असतो. उडणाऱ्या विमानाचा प्रत्येक भाग ठरल्या वेळी तपासतात आणि आयुष्य संपलं की धडधाकट दिसत असला तरी फेकून देतात. हे सगळं असेल तर दीड पुरतो.

मी चाचणी विभागात होते. म्हणजे माझं काम मोडण्याचं होतं. नव्या लोकांना मी सांगायचे, की इथे वस्तू मोडली म्हणून कुणी रडायचं नाही, मोडली नाही तर काळजी करायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिल्लीत कुणाच्या तरी मनात आलं की एवढा पैसा खाणाऱ्या संस्थांनी समाजासाठीही काहीतरी करावं. लगेच आमच्याकडे समाज शोधण्याची धांदल उडाली. कुणी धूर न करणारी चूल करायला घेतली, कुणी पवनचक्की. संचालकांनी स्वतः एक यंत्र हाती घेतलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला झोळीत बसवून पलंगावरून उचलायचं आणि चाकांवरून खुर्चीपर्यंत किंवा न्हाणीघरापर्यंत न्यायचं. एक उभा खांब, त्याच्या टोकाला पुढे आलेला हात, हाताला आकडा, आकड्याला कापडी झोळी. संस्थेतल्या हिंदी भाषा अधिकाऱ्यांनी त्याला सहा अक्षरी संस्कृत नाव दिलं. ते संचालकांखेरीज कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून बाकीचे सगळे त्याला पाळणा म्हणत.

पाळणा दिसायला सुरेख होता, हे कबूल केलं पाहिजे. विमानाच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या, एकही कोपरा बोचरा नाही. संचालक तो एका हाताने उचलून दाखवत. परदेशी यंत्रं याच्या चौपट जड असतात, असं म्हणत आणि खाली ठेवत. पाहणारे टाळ्या वाजवत. मला तेव्हाच विचारावंसं वाटलं होतं, की पाळणा उचलायचा आहे की पाळण्याने उचलायचं आहे. विचारलं नाही, कारण मलाही तो घरी हवा होता.

घरी आई होती. आई जळगावला मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे इंदिरानगरात राहायला आली आणि दोन वर्षांत तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा राहिली, संपूर्ण राहिली. दिवसा सांभाळायला एक आया होती. ती कन्नडच बोलायची, आई मराठीच. दोघी दिवसभर एकमेकींशी भांडत आणि दोघींपैकी कुणाचंच काही अडत नसे. सकाळी मी कामावर जायच्या आत आणि संध्याकाळी मी आल्यावर आम्ही दोघी मिळून आईला उचलायचो. आया बगलेत हात घालायची, मी पाय धरायचे आणि आई हुकूम सोडायची.

“सावधान! एकदम उचला. एकदम म्हणजे एकदम! तू मागे राहतेस, नेहमीच मागे राहतेस.”

एकदा न्हाणीघराच्या दारात आयाचा हात सुटला आणि आई माझ्या पायांवर घसरत खाली बसली. लागलं नाही. पण आम्हा दोघींना काही तिला उठवता येईना. शेवटी शेजारच्या अण्णांना हाक मारली. अण्णांचं घराणं मराठी, पण आठ-दहा पिढ्यांपूर्वी या बाजूला आलेलं. यशवंतपूरच्या बाजारात तांदळाचं घाऊक दुकान. ते आणि त्यांचा भाऊ आले, पोतं उचलतात तसं त्यांनी आईला उचललं आणि पलंगावर ठेवलं. अण्णा फार सभ्य माणूस. पूर्ण वेळ छताकडे बघत होते. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आयाशी भांडलीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तुमच्या ऑफिसात तो पाळणा करतायत ना? मला आणून दे. मला पुन्हा परक्या माणसाच्या हातात जायचं नाही.”

माझ्या रजेच्या अर्जांवरून संचालकांना घरची परिस्थिती माहीत होती. त्यांनी मला बोलावलं.

“मॅडम, तुमच्या आईंना आपण पहिल्या लाभार्थी करू. संस्थेच्याच कुटुंबातल्या. लोकांना हृदयस्पर्शी वाटेल.”

मी आभार मानले आणि विचारलं की किती भाराला केलाय.

“सत्तर किलो. प्रमाण मानवी वजन.”

हे प्रमाण मानव कोण, ते मला माहीत होतं. तो वैमानिक होता. तरुण, वैद्यकीय तपासणीत पास झालेला, रोज पळायला जाणारा. आमच्या सगळ्या आकडेमोडीत अनेक वर्षं तोच बसत आला होता आणि आता पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्या बायकांच्या झोळीतही तोच जाऊन बसला होता.

“आणि गुणक?”

“दीड. आपला नेहमीचा.”

“साहेब, माणूस टांगायचा असेल तर निदान चौपट धरतात.”

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. “मॅडम, या गुणकावर आपण माणसं आकाशात पाठवतो. तुमच्या आईंना फक्त पलंगावरून खुर्चीवर जायचंय.”

 याचं उत्तर मला घरी येताना बसमध्ये सुचलं आणि मग दोन स्टॉप मी रागाने पुटपुटत होते. विमानाला झाडूवाली ढकलत नाही. विमान उंबरठ्यावर आपटत नाही. विमानातला माणूस घाबरून पंखाला लोंबकळत नाही. तुम्ही विमानातून दीड तेवढा उचलून आणलात आणि त्याच्यामागची तपासणी, मोडतोड, नोंदी, धास्ती, हे सगळं तिथेच ठेवून आलात.

पण आधी आईचं वजन कळायला हवं होतं. आईला विचारलं.

“असेन साठ-पासष्ट.”

“आई!”

“शाळेत लागले तेव्हा अठ्ठावन्न होते.”

“ते माझ्या जन्माच्या आधी.”

“मग तूच वाढवलं असशील.”

डॉक्टरांच्या कागदांवर वजनाची जागा कोरी होती. जी बाई उभी राहू शकत नाही तिचं वजन करायचं कसं, हा प्रश्न इस्पितळालाही पडला होता आणि त्यांनी तो आमच्याप्रमाणेच सोडून दिला होता. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, “त्यात काय अक्का, दुकानातला काटा आणतो की. पोती मोजायचा. स्वल्प जड आहे, टेम्पोत घालून आणतो.”

रविवारी काटा आला. लोखंडी पाट, त्यावर खांब, खांबावर सरकवायचं वजन. आई तो बघून भिंतीकडे तोंड करून पडली.

“मी तांदूळ आहे का?”

“तांदूळ असतीस तर असा प्रश्न पडला नसता. त्याचं वजन पोत्यावर छापलेलं असतं.”

“शेजाऱ्याच्या देखत मी त्याच्यावर बसणार नाही.”

“मग पाळणा येणार नाही.”

 आया आम्हा दोघींना कन्नडमध्ये शिव्या देत होती, एवढं समजत होतं. शेवटी आई म्हणाली, “अण्णांना म्हणावं, स्वयंपाकघरात जाऊन उभे राहा. आणि किती आलं ते मला सांगायचं नाही.”

अण्णा “सरी सरी, बरं” करत आत गेले. त्यांच्या बायकोने हात दिला. पाटावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून आम्ही तिघींनी आईला त्यावर बसवलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले, कवायतीच्या बाईसारखी मान ताठ केली. मी वजन सरकवत गेले. दांडी हलेना म्हणून आणखी सरकवलं. खुर्ची वजा जाता एक्क्याण्णव किलो भरले.

मी वजन परत शून्यावर सरकवलं.

“म्हणजे बरंच आहे,” आई डोळे न उघडता म्हणाली.

सत्तरच्या दीडपट म्हणजे एकशे पाच. एक्क्याण्णव किलोची बाई एकशे पाचला मोडणाऱ्या आकड्याला टांगायची. दीडाचा सव्वासुद्धा उरला नव्हता आणि अजून ती हललीही नव्हती. सोमवारी मी संचालकांच्या खोलीत गेले.

“साहेब, आई एक्क्याण्णव किलोची आहे.”

“अरे बापरे.” मग थोडा विचार करून म्हणाले, “म्हणजे त्या डिझाइनच्या बाहेर आहेत.”

“आई कुठेच बाहेर नाही साहेब. बाहेर जाता येत नाही म्हणून तर हे चाललंय.”

“तसं नव्हे. तांत्रिकदृष्ट्या. आपण दुसरी लाभार्थी पाहू. जरा सडपातळ.”

“तिचं वजन कोण करणार?”

 मी म्हटलं, पाळणा मला चार दिवस द्या. मोडेपर्यंत भार लावून पाहते. कुठे वाकतो ते कळेल, तिथे जाड करू.

“मोडलात तर समारंभात काय दाखवणार? एकच आहे तो.”

“मग दोन करायला हवे होते.”

“तरतूद नव्हती, मॅडम.”

त्यांच्या टेबलावर समारंभाची तयारी पसरलेली होती. शामियान्याचा नकाशा. पितळी पाटीचा कागदी नमुना, त्यावर त्यांचं नाव पाहुण्यांच्या नावाखाली पण जवळपास त्याच आकाराच्या अक्षरांत. चंदनाचे हार कुठून आणायचे यावर एक वेगळी चिठ्ठी. दुसऱ्या पाळण्याची तरतूद नव्हती. मी ते बघत उभी होते. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे, स्वतःही केला आहे. पण इस्त्रीचे कपडे घालून, गणित बरोबर करून, माणुसकीच्या नावाने केलेला मूर्खपणा मला सहन होत नाही.

घरी येऊन आईला सांगितलं की पाळणा येणार नाही.

“का?”

“तो तुला पेलणार नाही.”

“तुझं हे नेहमीचंच. जे ते मोडून बघायचं. लग्नाचंही तसंच केलंस.”

“तेही तपासून न घेता आणलेलं होतं.”

“मी आणलेलं होतं,” आई म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. मान तेवढी वळली. बाकीचं वळवायला आम्ही दोघी लागायचो.

मग समारंभ झाला. प्रमुख पाहुणे दिल्लीहून आले. ते अतिशय बारीक होते, पोटाच्या विकाराने किंवा तत्त्वांमुळे. जेवणातही त्यांनी फक्त ताक घेतलं. संचालकांचं भाषण माणसाच्या जिवाच्या मोलापासून सुरू झालं, उपनिषदांना शिवून परत आलं. मग त्यांनी जाहीर केलं की या यंत्राची भार-चाचणी आज प्रमुख पाहुणे स्वतः करतील. पाहुणे झोळीत बसले. चंदनाचा हार त्यांच्या मांडीवर. त्यांना वर उचललं तेव्हा त्यांचे पाय हवेत लोंबत होते आणि एक चप्पल पडली. ती उचलायला चार वरिष्ठ शास्त्रज्ञ वाकले.

“अरे, ये तो झूला है,” पाहुणे म्हणाले. हशा, टाळ्या.

मी तिसऱ्या रांगेत होते. या गृहस्थांचं वजन माझ्या अंदाजाने आईच्या निम्म्याहून फार जास्त नसावं. हार धरूनही. पाळणा मोडला नाही, याचा अर्थ एवढाच होता की पाळणा एका उपाशी अधिकाऱ्याला पेलतो. पण माझ्या शेजारी बसलेल्या, तीस वर्षं धातूंच्या थकव्यावर काम केलेल्या माणसाने माझ्याकडे वळून म्हटलं, “चला, टेस्टेड झालं.” आणि तो थट्टा करत नव्हता.

पुढचं पाहुण्यांनीच घडवलं. झोळीतून उतरताना त्यांनी विचारलं की याचा पहिला रुग्ण कोण. संचालकांची नजर शामियान्यात फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. “आमच्याच एका भगिनीच्या मातोश्री,” ते म्हणाले. सडपातळ लाभार्थी शोधायचं राहून गेलं होतं. सगळे माझ्याकडे बघून हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शनिवारी पाळणा आमच्या घरी येणार, सोबत संचालक आणि छायाचित्रकार.

मी नाही म्हणू शकले असते. पण मी नाही म्हटलं असतं तर तो दुसऱ्या कुणाच्या घरी गेला असता आणि तिथे विचारणारं कुणी नसतं. अण्णांना सांगितलं, शनिवारी सकाळी पन्नास किलोची दोन पोती हवीत.

“तांदूळ कुठला, अक्का?”

“कुठलाही. बसायला हवाय, खायला नाही.”

शनिवारी आईने सकाळपासून जांभळी साडी नेसून, केस विंचरून घेतले होते. माझ्याशी अबोला होता. आयाला मात्र तिने समजावून सांगितलं होतं की फोटो निघणार आहे, आणि आयाही गजरा माळून आली होती. संचालक आले, मागे दोन मदतनीस, त्यांच्यामागे छायाचित्रकार. पाळणा घासूनपुसून चमकत होता. संचालकांनी आईला वाकून नमस्कार केला.

“मातोश्री, आजपासून तुम्ही मुक्त.”

आईचे डोळे भरून आले. ते पाहून मला या माणसाचा जेवढा राग आला, तेवढा त्याच्या दीडाचाही आला नव्हता.

मग त्यांना भिंतीशी ठेवलेली पोती दिसली.

“हे काय?”

“आईच्या आधी हे बसतील.”

“मॅडम, आज हे नको.”

“शंभर किलो आहेत. तुमच्या हिशेबाने पाच किलोंनी आत.”

छायाचित्रकार एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. संचालकांनी मनात आकडेमोड केली. ती बरोबर होती. ते म्हणाले, “बसवा. होऊन जाऊ दे तुमचं समाधान.”

अण्णा आणि मदतनिसांनी पोती झोळीत घातली. हात वर गेला. नळ्या कुरकुरल्या आणि थांबल्या. तांदूळ शांतपणे हवेत लटकत राहिला. संचालकांनी दोन्ही हात पसरले.

“पाहिलंत मातोश्री? आकाशातलं तंत्रज्ञान आहे.”

“पाहिलं,” आई म्हणाली. “आता मोरीत न्या.”

“काय?”

“पोती मोरीत न्या. मला इथे हवेत लटकून काय करायचंय? मला मोरीत जायचंय.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिची नजर पोत्यांवर होती, कवायतीला उभ्या केलेल्या मुलींवर असायची तशी.

मदतनिसांनी पाळणा ढकलला. खोलीत सुरेख चालला. न्हाणीघराच्या दाराशी, पाणी बाहेर येऊ नये म्हणून घरमालकांनी घातलेल्या बोटभर उंबरठ्याला पुढची चाकं अडली. मदतनिसांनी थोडं मागे घेतलं, आणि अशा वेळी सगळेजण करतात तेच केलं. जोर लावून धक्का दिला. चाकं उंबरठ्यावर उडाली, पोती पुढे झोका घेऊन मागे आली, आणि वरचा हात खांबापाशी दुमडला. अॅल्युमिनियम मोडताना आधी एक दबकी कुरकुर होते आणि मग एकच टणत्कार. ती कुरकुर मी हजारदा ऐकली होती, पण ती नेहमी जाड काचेच्या पलीकडून. दोन्ही पोती फरशीवर आदळली. एक फुटलं. तांदूळ मोरीत, पलंगाखाली, संचालकांच्या बुटांवर.

“अय्यो, सोना मसूरी!” अण्णा म्हणाले.

छायाचित्रकाराने सवयीने बटण दाबलं.

 मला वाटलं होतं की हे घडलं तर मला बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. पोती जिथे पडली होती तिथे मी बघत होते, आणि फुटलेल्या पोत्याच्या जागी जांभळी साडी दिसत होती. मला त्या माणसाची कॉलर धरायची होती. मी फक्त म्हटलं, “साहेब, ही चाचणी.”

“जर्क लोड,” ते स्वतःशीच म्हणाले. “हा हिशेबात धरलेला नव्हता. उंबरठा कुणी सांगितलाच नाही.” मग माझ्याकडे वळून, खरोखरच दुखावल्यासारखे, “तुम्ही घराचं ड्रॉइंग द्यायला हवं होतं, मॅडम.”

“आधी बाजूला व्हा,” आईचा आवाज आला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेल असा. “बूट घालून तांदळावर उभे आहात.”

संचालक बाजूला झाले. कुठेही पाऊल टाकलं तरी तांदूळच होता, म्हणून शेवटी त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर जिन्यापर्यंत गेले.

ते लोक गेल्यावर आयाने तांदूळ भरायला घेतला.  आई म्हणाली, “किती भरले होते ते सांग आता.”

“एक्क्याण्णव.”

“हं.” मग तांदळाकडे बघत, “मी शंभराच्या वर समजत होते.”

घटनेचा अहवाल संचालकांनी स्वतः लिहिला. त्यात म्हटलं होतं की डिझाइनच्या पलीकडचा भार दिल्यावर यंत्र गणितानुसार अपेक्षित जागी, अपेक्षित पद्धतीने निकामी झालं, आणि त्यामुळे गणिताची सत्यता सिद्ध झाली. यात एकही शब्द खोटा नव्हता. तो अहवाल वाचून मी तो फाडला आणि मग आठवलं की ती कार्यालयीन प्रत होती. पाळण्याला नवा हात लावला आणि त्याला संस्थेच्या प्रदर्शन दालनात उभं केलं. झोळीत साडीच्या दुकानातली एक बाहुली बसवली. तिला नऊवारी शोभली असती, पण नर्सचा पांढरा कोट घातला, बहुधा तोच मिळाला म्हणून. शाळांच्या सहली यायच्या. गाइड सांगायचा, विमानाचं तंत्रज्ञान आता रुग्णांच्या सेवेत. एखादं पोर झोळीला हात लावायला गेलं की पहारेकरी ओरडायचा.

आईचा प्रश्न तसाच होता. मग मी घरी बसून दुसरा पाळणा आखला. साधं पोलाद, दुकानाचे शटर करणाऱ्या यशवंतपूरच्या एका शेडमध्ये मिळतं ते. वजन एक्क्याण्णव धरलं, त्याच्या चौपट. वर उंबरठ्याचा धक्का वेगळा धरला आणि आई घाबरून हिसका देईल तो वेगळा. शेडवाल्याला एकसारखे दोन करायला सांगितले. तो म्हणाला, घरात दोन पेशंट आहेत का? मी म्हटलं, एक मोडायला आणि एक आईला. त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

पहिला मोडायला अण्णांच्या गोदामात दुपार गेली. पोती घालत गेलो, घालत गेलो. अण्णांचे हमाल कंटाळून बिड्या ओढायला गेले. शेवटी तो वाकला तेव्हा माझ्या हिशेबापेक्षा थोडा उशिराच वाकला. अण्णा म्हणाले, “आता अक्का, ह्याच्यात हत्ती बसव.” दुसरा, न मोडलेला, टेम्पोतून घरी आला.

आईला पहिल्यांदा झोळीत घातलं तेव्हा तिने डोळे मिटले होते. मी दांडा फिरवत गेले आणि ती हळूहळू पलंगावरून वर आली. कुणी बगलेत हात घातला नव्हता, कुणी छताकडे बघत नव्हतं. खाली हात पसरून उभी असलेली आया एकाएकी रडायला लागली. आई हवेत थांबली, मान ताठ केली, डोळे उघडले आणि म्हणाली, “आगे बढ.”

आम्ही पाळणा मोरीकडे न्यायला लागलो. आईच्या भाराला चौपट धरून, त्यात धक्के मिळवून केलेला तो पाळणा आईपेक्षाही जड झाला होता. तो ढकलायला दोन बायका लागायच्या, आया आणि मी.